हिवाळी पायवाट : अनुभव, शब्द आणि लेखन

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• हिवाळ्यातील पदभ्रमणाचा आनंद कोणत्या सूक्ष्म अनुभवांतून घडतो, हे सांगता येईल.
• थंडी व बर्फ यांच्याशी निगडित मराठी शब्दांचा इतिहास आणि त्यांच्या अर्थच्छटा स्पष्ट करता येतील.
• तयार शब्दप्रयोगांवर उभे असलेले वर्णन आणि निरीक्षणातून आलेले वर्णन यांतील फरक ओळखता येईल.
• आपल्या परिसरातील हिवाळी पायवाटेवर छोटा ललित लेख लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, यापूर्वी आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची सामान्य ओळख करून घेतली. प्रस्तुत घटकात त्याच्या एका लहान शाखेचा, म्हणजे पायी केलेल्या हिवाळी भ्रमंतीवरील लेखनाचा, विचार करावयाचा आहे.

बर्फातून चालण्याचे आकर्षण मराठी माणसाला नवे नाही. साताऱ्यात १८८५ मध्ये जन्मलेल्या काका कालेलकरांनी १९१२ च्या सुमारास हिमालयात पायी प्रवास केला आणि पुढे त्याचे वर्णन गुजराती भाषेत लिहिले. १९९८ मध्ये पुण्याच्या सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवले. आज तर उत्तराखंडातील सांक्री गावातून केदारकंठ्याच्या सुमारे ३,८०० मीटर उंच माथ्यावर ऐन हिवाळ्यात चढून जाणाऱ्यांत महाराष्ट्रातील शिक्षक, परिचारिका, बँक-कर्मचारी, शेतकरी असे सर्व प्रकारचे लोक असतात. बारामती आणि इंदापूर हे तालुकेही त्याला अपवाद नाहीत.

मात्र या अनुभवांवर लिहिले गेलेले लेख वाचताना एक गोष्ट जाणवते. चालणारे वेगळे, वाटा वेगळ्या, तरी वाक्ये बहुधा तीच असतात. दुसरीकडे, ज्यांनी बर्फ कधी पाहिलेला नाही असे आपल्यापैकी अनेक जण म्हणतात, ‘आमच्याकडे माळ आणि ऊस. त्यात लिहिण्यासारखे काय आहे?’ वरवर पाहता या दोन अडचणी निरनिराळ्या वाटतात. वस्तुतः त्या एकाच ठिकाणाहून उद्भवतात. हिवाळी पदभ्रमणाचा आनंद बर्फात साठवलेला असतो, असे आपण गृहीत धरतो. तो आनंद शांतपणे चालणाऱ्याच्या लक्ष देण्यात असतो, आणि लक्ष देण्यासाठी नेमका शब्द हाताशी असावा लागतो. हे या घटकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

४.२ ‘हिम’ ते ‘हिव’ : एका शब्दाचा प्रवास

प्रथम शब्दांकडे वळू. बर्फासाठी रोजच्या मराठीत आपण ‘बर्फ’ हा शब्द वापरतो. तो फारसीतून आला. ‘हिम’ हा संस्कृत शब्द ग्रांथिक भाषेत आणि ‘हिमनदी’, ‘हिमभेग’, ‘हिमरेषा’ अशा पारिभाषिक शब्दांत राहिला. मग ‘हिम’ शब्दाचा मराठी वारस कोणता?

तो वारस म्हणजे ‘हिव’. संस्कृतातील दोन स्वरांमधला ‘म’ प्राकृतातून मराठीत येताना सानुनासिक ‘व’ होतो आणि पुढे त्याची अनुनासिकता क्षीण होते, हा ध्वनिबदल आपल्याला परिचित आहे. पुढील उदाहरणे पाहा :

ग्राम – गाव
नाम – नाव
कोमल – कोवळा
श्यामल – सावळा
आमलक – आवळा
हिम – हिंव – हिव
हिमकाल – हिवाळा

इंदापूर तालुक्याच्या कडेने वाहणाऱ्या भीमेला वारकरी परंपरेत ‘भिवरा’ म्हणतात, त्यातही हाच बदल ऐकू येतो.

ध्वनी बदलताना अर्थही बदलला. गढवाली-कुमाउनी या पहाडी भाषांत याच मुळातून आलेला ‘ह्यूं’ हा शब्द आजही बर्फासाठी वापरला जातो. मराठीत मात्र ‘हिव’ म्हणजे थंडी, अंगात भरणारा गारठा. ‘हिवताप’ या शब्दात तोच अर्थ आहे. दूरच्या रशियन भाषेतील ‘झिमा’ हा याच कुळातला शब्द ‘हिवाळा’ या अर्थी रूढ आहे. म्हणजे एकाच शब्दकुळाने कोठे बर्फ जपला, कोठे ऋतू जपला, तर कोठे अंगावरचा काटा. जेथे बर्फ पडतच नाही त्या दख्खनच्या पठारावर भाषेने शब्दातला बर्फ सोडून दिला आणि थंडी तेवढी ठेवली. केदारकंठ्याच्या वाटेवर पहाडी वाटाड्याच्या तोंडी ‘ह्यूं’ येतो आणि मागून चालणारा इंदापूरकर ‘हिव भरलं’ म्हणतो, तेव्हा दोघेही नकळत एकच शब्द उच्चारत असतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी. आपल्या भागातील काटेरी ‘हिवर’ वृक्षाचे नाव किंवा दवासाठी वापरला जाणारा ‘दहिवर’ हा शब्द ऐकून त्यांचाही ‘हिव’शी संबंध जोडण्याचा मोह होतो. केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये. मधल्या काळातील रूपांचा पुरावा मिळाल्याशिवाय असा संबंध मानता येत नाही.

मराठीतील थंडीचे शब्द जवळजवळ ठेवून पाहिले, तर त्यांतील भेद स्पष्ट होतात. ‘गारवा’ हवासा असतो, ‘गारठा’ नकोसा. ‘कडाका’ काही दिवस टिकतो, ‘हुडहुडी’ काही क्षण. खोबरेल तेल ‘थिजते’, पाणी ‘गोठते’, माणूस ‘काकडतो’. वारा ‘झोंबतो’ आणि ‘बोचतो’, पण या दोन क्रियाही एक नव्हेत. झोंबण्यात आग आहे, बोचण्यात टोक आहे.

वाक्यरचनाही पाहण्यासारखी आहे. ‘मला थंडी वाजते’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. थंडी ही कर्ता आहे आणि ‘मला’ हे अनुभव घेणाऱ्याचे रूप आहे. क्रियापद तर ‘वाजणे’. ऊन लागते, ताप भरतो, भूक लागते, थंडी मात्र वाजते. चालणाऱ्याच्या देहावर ऋतू काहीतरी करतो आहे, ही जाणीव मराठी व्याकरणातच आहे. म्हणूनच ‘मी थंडी अनुभवली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही परके वाटते.

स्वयंअध्ययन प्रश्न १ : ‘गारवा’ व ‘गारठा’, ‘थिजणे’ व ‘गोठणे’ या जोड्यांतील अर्थभेद प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करून दाखवा.

४.३ दोन प्रकारची शांतता

हिवाळी भ्रमंतीच्या लेखांत सर्वाधिक आढळणारा शब्द ‘शांतता’ हा असावा. परंतु सगळी शांतता एकसारखी नसते. बर्फातली आणि माळावरची शांतता यांची तुलना केली असता हे पटेल.

ताज्या, भुसभुशीत बर्फात हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या असतात. त्या ध्वनी शोषून घेतात. म्हणून नुकताच बर्फ पडलेल्या देवदाराच्या रानात दहा पावलांवरच्या सोबत्याचे बोलणेही दबलेले वाटते. जग जवळ येते, लहान होते. उरतो तो स्वतःचा श्वास आणि पावलाखालचा आवाज. हा बर्फ पुढे कडक झाला की त्याची ध्वनी शोषण्याची शक्ती कमी होते आणि पावलाखाली करकर सुरू होते. बर्फाच्या या निरनिराळ्या अवस्थांसाठी मराठीत स्वतंत्र नामे नाहीत, तरी ‘भुसभुशीत’, ‘करकरीत’, ‘कुरकुर’, ‘चरचर’ असे अनुकरणवाचक आणि अभ्यस्त शब्द येथे उपयोगी पडतात. नामांची उणीव मराठी नादाने भरून काढते.

आता कडबनवाडीच्या किंवा सुप्याच्या माळावरील पौषातली पहाट घ्या. निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते आणि तिच्यालगतची हवाही थंड होते. वरची हवा मात्र तुलनेने उबदार राहते. वारा पडलेला असेल तर अशा वेळी वर जाणारा ध्वनी वाकून पुन्हा जमिनीकडे येतो आणि एरवी ऐकू न येणारे दूरचे आवाज स्पष्ट होतात. लांबच्या साखर कारखान्याचा भोंगा, पलीकडच्या वस्तीवरचे कुत्रे, रेल्वेची धडधड, सारे हाकेच्या अंतरावर आल्यासारखे वाटते.

म्हणजे बर्फातल्या शांततेत दूरचे जग मिटते आणि माळावरच्या शांततेत ते जवळ येते. दोन्ही अनुभवांना आपण ‘नीरव शांतता’ असे म्हटले, तर पहिल्यातले अर्धे हरवते आणि दुसऱ्याविषयी तर ते चूकच ठरते. माळावरची पहाट नीरव नसते. ती शांत असते, म्हणूनच तिच्यात इतके ऐकू येते.

४.४ वर्णनाचे दोन नमुने

पुढील दोन उतारे अभ्यासासाठी मुद्दाम तयार केले आहेत.

नमुना १

‘पहाटेची गुलाबी थंडी होती. निसर्गाने धुक्याची शुभ्र शाल पांघरली होती. सर्वत्र नीरव शांतता पसरली होती. पक्ष्यांच्या मंजुळ किलबिलाटाने मन प्रसन्न झाले. जणू आम्ही स्वर्गातच आलो होतो.’

नमुना २

‘पौषातली पहाट. कडबनवाडीच्या माळावर अजून उजाडले नव्हते. कानटोपी खाली ओढली तरी नाकाचा शेंडा उघडाच राहत होता आणि सगळी थंडी तेवढ्या जागेत येऊन बसली होती. वाटेवरची धूळ दहिवराने दबली होती, पाऊल पडले तरी उडत नव्हती. कुसळी गवतातून पन्नासएक पावले गेलो आणि पायजमा गुडघ्यापर्यंत ओला झाला. थांबलो. कापडाची खसखस थांबली, तेव्हा दूरवरून ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरचे गाणे ऐकू आले. शब्द कळत नव्हते, चाल तेवढी कळत होती. पूर्वेला तांबडे फुटले तशी गवताच्या शेंड्यांवरची कोळ्यांची जाळी दिसू लागली. आधी एक दिसले, मग दहा, मग मोजणे सोडून दिले. डाव्या हाताला हिवराखाली काही हलले. चिंकारा होता. तो आमच्याकडे पाहत राहिला, आम्ही त्याच्याकडे.’

पहिल्या नमुन्यातील एकही वाक्य अशुद्ध नाही. पण हा उतारा केदारकंठ्याला लागू पडतो, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाला लागू पडतो आणि कडबनवाडीलाही लागू पडतो. सर्वांना लागू पडणारे वर्णन कोणाचेच नसते. शिवाय ‘नीरव शांतता’ आणि ‘किलबिलाट’ लागोपाठ आले आहेत, हा विरोध लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेला नाही, कारण तो ऐकत नव्हता, आठवत होता. ‘गुलाबी थंडी’ हा शब्दप्रयोग कोणे एके काळी ताजा होता. आज तो उच्चारताना कोणालाही गुलाबी रंग दिसत नाही आणि थंडीही वाजत नाही.

दुसऱ्या नमुन्यात सौंदर्यवाचक विशेषण एकही नाही. थंडीचे ठिकाण सांगितले आहे : नाकाचा शेंडा. दव पडल्याचे वेगळे विधान नाही, न उडणाऱ्या धुळीतून आणि ओल्या पायजम्यातून ते कळते. ‘थांबलो’ हे एका शब्दाचे वाक्य आहे, आणि ते वाचताना वाचकही थांबतो. चालण्याचा आवाज बंद झाल्यावरच दूरचा आवाज आला, हा क्रम पाळलेला आहे. ट्रॅक्टरवरचे गाणे ‘निसर्गवर्णना’त बसत नाही म्हणून गाळलेले नाही. गळीत हंगामातील पहाटेचा तो खरा आवाज आहे आणि त्यामुळेच ती पहाट या भागातील ठरते.

स्वयंअध्ययन प्रश्न २ : नमुना २ मधील स्पर्श, श्रवण व दृष्टी या संवेदनांची वाक्ये वेगळी काढा. त्यांचा क्रम बदलल्यास परिणाम कसा बदलेल, ते पाच ओळींत लिहा.

४.५ माग आणि आंब : लहान गोष्टींचे मोल

बर्फावरून चालताना मिळणारा एक खास आनंद म्हणजे माग वाचण्याचा. रात्री येथून कोण गेले, कोठे थांबले, कोठे वळले, हे सकाळी बर्फावर उमटलेले असते. हा आनंद माळावरही मिळतो. दहिवराने ओलसर झालेल्या गाडीवाटेच्या धुळीत चिंकाऱ्याचे दुभंगलेले खूर, खोकडाची नेटकी पावले, तित्तराची तीन बोटे सकाळच्या तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतात. ऊन तापले, दोन गाड्या गेल्या, की हा मजकूर पुसला जातो. मेंढपाळ धनगरांना तो वाचता येतो, कारण लांडगा कोठून आला हे त्यांना कळायलाच हवे असते. ‘माग काढणे’, ‘माग लागणे’, ‘मागावर असणे’ हे वाक्प्रचार अशाच पायवाटांवर घडले असावेत असे वाटते.

दुसरे उदाहरण हरभऱ्याच्या रानाचे. हरभऱ्याच्या पानांवर आंबट स्राव असतो. पहाटेच्या दवात तो मिसळतो आणि त्या रानातून गेलेल्या माणसाचे कपडे ओले तर होतातच, शिवाय आंबटही होतात. या आंबट दवाला आपल्याकडे ‘आंब’ म्हणतात. पूर्वी पिकावर स्वच्छ फडके अंथरून, ते भिजल्यावर पिळून ही आंब गोळा करीत आणि पोटाच्या तक्रारींवर घरगुती औषध म्हणून जपून ठेवीत. चव, ओल, वास, पहाट आणि पीक या साऱ्यांना सामावणारा हा दोन अक्षरांचा शब्द आहे. बर्फाच्या डोंगरावर चालणाऱ्याला हा शब्द उपलब्ध नाही. तो आपल्याकडे आहे, आणि तो वापरात नसेल तर आणखी एका पिढीने तो शब्दकोशातच शोधावा लागेल. शाळूचा हुरडा भाजण्याची ‘आगटी’ हाही असाच शब्द होय. ‘शेकोटी’ म्हटले की ऊब कळते. ‘आगटी’ म्हटले की गोवऱ्यांचा विस्तव, राखेतली कणसे आणि हातावर चोळलेला गरम हुरडा कळतो.

४.६ बर्फाकडून आलेले पाहुणे : संकेत आणि प्रत्यक्ष

बारामती-इंदापूरकडे बर्फ येत नाही, पण बर्फाच्या प्रदेशातील रहिवासी येतात. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा इंदापूर तालुक्यात दूरवर पसरला आहे. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या परिसरात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांबरोबर पट्टकदंब आणि चक्रवाकही दिसतात. पट्टकदंब हा राजहंसाच्या जातीचा पक्षी तिबेटचे पठार, लडाख, मंगोलिया या भागांत वीण करतो आणि हिमालय ओलांडून दक्षिणेस उतरतो. सुमारे ७,००० मीटर उंचीवरून उडताना त्याची नोंद झालेली आहे. केदारकंठ्याच्या माथ्याच्या जवळपास दुप्पट उंचीवरून आलेला हा प्रवासी पहाटे काठावर चालणाऱ्या माणसापासून शे-दोनशे पावलांवर निवांत चरत असतो.

चक्रवाकाची गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला अधिक रोचक वाटेल. संस्कृत काव्यात चक्रवाक हा विरहाचा कविसंकेत आहे. रात्री नर आणि मादी नदीच्या दोन तीरांवर अलग होतात आणि एकमेकांना साद घालतात, अशी ती कल्पना. पंडिती काव्यपरंपरेतील थोर कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे वास्तव्य कऱ्हाकाठच्या बारामतीत होते. त्या परंपरेत वाढलेला वाचक हा पक्षी प्रथम काव्यातूनच ओळखत असे. आज उजनीच्या काठी उभे राहून आपण तो प्रत्यक्ष पाहू शकतो : नारिंगी अंग, फिकट डोके, जोडीने फिरणारा आणि धुक्यातून लांबवर पोचणारा आवाज. आवाज ऐकल्यावर कविसंकेत कोठून आला असावा याची कल्पना येते. संकेत टाकून द्यायचा नसतो. प्रत्यक्षाशी तो ताडून पाहायचा असतो. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या पुस्तकाचे महत्त्व या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. परंपरेतील ऋतुज्ञान आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली झाडे-फुले यांचा मेळ त्यात महिन्यामहिन्याने घातलेला आहे.

४.७ थंडी कोणाची? माळ कोणाचा?

हिवाळी चालण्याच्या आनंदाविषयी लिहिताना दोन प्रश्न टाळू नयेत.

पहिला प्रश्न थंडीचा. आपल्या भागात थंडी पडते त्याच काळात बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येथे आलेले असतात. पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत रात्र काढून पहाटेच्या अंधारात ते फडात उतरतात. हौसेने चालणाऱ्याला थंडी सुखावते, कारण त्याला परत जायला घर आहे, अंगावर स्वेटर आहे आणि नको वाटल्यास थांबण्याची मुभा आहे. त्याच वाटेवर समोरून बैलगाडीत बसून येणाऱ्या बाईची थंडी तीच नव्हे. म्हणून आपला आनंद लपवण्याचे कारण नाही. तो लिहिताना ती बैलगाडी गाळू नये, इतकेच. ‘गुलाबी थंडी’ या शब्दांची खरी अडचण हीच आहे. त्यात फक्त चालणाऱ्याला जागा आहे.

दुसरा प्रश्न माळाचा. आपल्या भाषेत मोकळ्या जमिनीचे अनेक शब्द आहेत. ‘कुरण’ गवतासाठी राखलेले, ‘गायरान’ गावच्या जनावरांसाठी सोडलेले, ‘बरड’ खडकाळ व हलक्या मातीचे, ‘माळ’ उंचसखल व उघडा. या सर्वांना झाकून टाकणारा एक शब्द सरकारी कागदोपत्री आणि आता आपल्या बोलण्यातही रूढ झाला आहे, तो म्हणजे ‘पडीक’. शेती नाही म्हणजे उपयोग नाही, असा अर्थ त्यात गृहीत धरलेला आहे. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, धाविक यांना मोकळे गवतच लागते. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे पाच चौरस किलोमीटर आहे. त्याबाहेरच्या माळांना असे संरक्षण नाही. जो माळ ‘पडीक’ ठरतो त्यावर नांगर, खाणी किंवा सरसकट वृक्षलागवड आली तरी काही गमावले असे कोणाला वाटत नाही.

बर्फाच्या डोंगराला कोणी पडीक म्हणत नाही, कारण त्याच्या सौंदर्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माळावर तेवढे लिहिले गेलेले नाही. आपल्या लेखात माळाला ‘ओसाड’ म्हणण्यापूर्वी तेथे पहाटे तासभर चालून यावे. एका शब्दाने जमीन वाचत नाही हे खरे, पण एका शब्दाने ती दुर्लक्षित होऊ शकते, हे आपण पाहिलेच.

४.८ सारांश

‘हिम’ या शब्दाचा मराठी वारस ‘हिव’ हा असून ध्वनिबदलाबरोबर त्याचा अर्थ बर्फाकडून थंडीकडे सरकला. बर्फासाठी मराठीत नामे थोडी असली, तरी थंडीसाठी शब्दांची आणि नादानुकारी रूपांची विपुलता आहे. हिवाळी पदभ्रमणाचा आनंद ठिकाणाच्या भव्यतेपेक्षा सूक्ष्म संवेदनांवर अवलंबून असतो. बर्फातली शांतता आवाज शोषते, तर माळावरची शांतता दूरचे आवाज जवळ आणते. चांगले वर्णन हा भेद ओळखते, तयार शब्दप्रयोग टाळते, कविसंकेत प्रत्यक्षाशी ताडते आणि त्याच वाटेवरच्या इतर माणसांना व प्राण्यांना जागा देते.

सरावासाठी प्रश्न

१. दोन स्वरांमधील ‘म’ चा मराठीत होणारा बदल सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘मला थंडी वाजते’ या वाक्याच्या रचनेचे वैशिष्ट्य सांगा. याच रचनेची आणखी चार वाक्ये द्या.
३. ‘बर्फातली व माळावरची शांतता’ या विषयावर दीडशे शब्दांत टीप लिहा.
४. ‘जमिनीचे नाव आणि जमिनीचे भवितव्य’ या संदर्भात ‘पडीक’ या शब्दाची चर्चा करा.

उपक्रम

मार्गशीर्ष ते माघ या काळातील एका पहाटे आपल्या गावाच्या कोणत्याही पायवाटेने एक तास चाला. मोबाइल बंद ठेवा. दर दहा मिनिटांनी थांबून ऐकू आलेले, स्पर्शाला जाणवलेले आणि दिसलेले प्रत्येकी एक टिपून ठेवा. घरी आल्यावर घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना थंडी, दव, धुके व मोकळी जमीन यांसाठी ते वापरत असलेले शब्द विचारा आणि त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या. या दोन्ही नोंदींच्या आधारे तीनशे शब्दांचा लेख तयार करा. त्यात ‘सुंदर’, ‘निसर्गरम्य’ आणि ‘नीरव’ हे शब्द वापरू नयेत. लेख संपर्कसत्रात मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐकणाऱ्यांना तो कोणत्या गावचा आहे हे ओळखायला सांगा. त्यांनी ओळखले, तर लेख साधला असे समजावे.